मरळींची हजेरी

लातूरच्या पोराला दुसरा नंबर सहन होत नाही. हा गावाचा दोष की शिकवण्यांचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दहावीपासून एम.एस्सी.पर्यंत यादीत माझं नाव सगळ्यांत वर असायचं, आणि ते तिथंच असणार हे घरात, गल्लीत आणि माझ्या डोक्यात पक्कं बसून गेलं होतं. त्यामुळे नांदेडला पीएच.डी.ला गेलो तेव्हा आपल्या पुढं कुणी असेल याचीच माझी तयारी नव्हती. आणि ते कुणीतरी म्हणजे बिलोली तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेवरची बेचाळीस वर्षांची बाई असेल, हे तर मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

सुजाताताईंविषयी लिहायचं तर हे आधी सांगून टाकलेलं बरं. मला त्यांचा हेवा वाटायचा. आदर, कौतुक वगैरे मंडळी नंतर आली, आणि तीही पाहुण्यासारखी. हेवा मात्र घरचाच होता.

आमची प्रयोगशाळा प्राणिशास्त्र विभागाच्या मागच्या अंगाला होती. एका भिंतीला सहा काचेच्या टाक्या माझ्या, समोरच्या भिंतीला सहा त्यांच्या. सगळ्यांत मरळी. मरळ हा मासा आमच्याकडच्या तळ्यांत सहज मिळतो, चिवट असतो, आणि त्याच्या अंगावर बुळबुळीत थर भरपूर असतो. आम्हाला काम होतं ते त्या बुळबुळीचंच. माशाची कातडी सतत पाण्यात, आणि पाणी सतत जंतूंनी भरलेलं. तरी मासा सडत नाही, कारण त्या थरात जंतूंना धरून त्यांच्या गुठळ्या करणारी प्रतिपिंडं असतात. माणसाच्या रक्तात असतात तशीच. प्रश्न असा होता की ही प्रतिपिंडं रक्तातून झिरपून कातडीवर येतात, की कातडी स्वतःच ती तयार करते. ऐकायला क्षुल्लक वाटेल. पण कातडी स्वतः करत असेल तर एकेका माशाला सुई टोचत बसायची गरज नाही. तळ्यातले मासे लशीच्या पाण्यात बुडवून काढले की झालं. फोड येऊन मासे मरतात तेव्हा मत्स्यपालन करणाऱ्याला याचा अर्थ बरोबर कळतो.

विभागातले लोक आम्हाला शेंबूडवाले म्हणत. आमच्या घरी तर याहून अवघड. वडिलांचं लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेजवळ भुसार मालाचं दुकान, घर लिंगायत, कपाळावर विभूती, आणि मुलगा माशाचा चिकटा गोळा करतो म्हटल्यावर ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "औषधावर संशोधन करून राहिलाय." त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून मीही गप्प राहायचो.

सुजाताताई पहिल्या दिवशी आल्या त्या शाळेचा एक हजेरीपट घेऊन. अभ्यास रजा मंजूर करून घेऊन आल्या होत्या. चपला दाराबाहेर काढल्या, उजव्या हातातल्या बांगड्या उतरवून नळाच्या तोटीत अडकवल्या, पदर खोचला आणि ब्लेडनं नखं कापायला बसल्या. मी वाट बघत उभा. मला वाटलं, शाळेची सवय, उद्या जाईल. गेली नाही. रोज सकाळी आल्यावर आधी नखं. वाढलेली असोत की नसोत.

हजेरीपटात त्यांनी मरळींची नावं मांडली. म्हणजे हजेरी क्रमांक. एक ते चोवीस. रोज सकाळी टाकीपुढं उभं राहून त्या खरंच हजेरी घेत. चार नंबरच्या शेपटीला खाच, नऊ नंबरच्या पाठीवर पांढरा डाग, सतरा नंबर कायम कोपऱ्यात. सगळ्या त्यांना ओळखू येत. हजर असेल तर रेघ, मेली असेल तर लाल शाईनं 'गै'. शेरा नावाच्या रकान्यात "आज खाल्लं न्हाई", "दुसऱ्याला चावून राहिली", "तोंड वर काढून बसली" असलं काहीबाही. मी हसायचो. माझ्याकडं संगणकावर तक्ते होते, रंगीत आलेख होते. महिन्याच्या शेवटी आम्हा दोघांच्या मार्गदर्शक सरांनी दोन्ही बघितलं आणि म्हणाले, "मल्लिकार्जुन, बाईंच्या वहीतून मासा दिसतो. तुझ्या तक्त्यात नुसते आकडे दिसतात." मी त्या दिवशी मेसमध्ये जेवलो नाही.

मला त्या मल्लूभाऊ म्हणत. मला ते अजिबात आवडायचं नाही. लातूरला मला कुणी मल्लू म्हणायची हिंमत केली नव्हती. एकदा तसं सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, "बरं, मल्लिकार्जुनभाऊ म्हणते. पण मासा हातात असताना एवढं लांब नाव घ्यायला जमणार न्हाई बघा." झालं. मल्लूभाऊच राहिलो.

मासा हातात घेण्याविषयी सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. बुळबुळ काढायची म्हणजे मासा आधी लवंगेचं तेल टाकलेल्या पाण्यात थोडा गुंगवायचा, मग ओल्या फडक्यावर घेऊन पाठीवरून थर निपटून घ्यायचा. मी स्टीलची चपटी पट्टी वापरायचो. दहा मासे अर्ध्या तासात उरकायचो. ताई एका माशाला पाव तास लावत. हात आधी टाकीच्याच पाण्यात बुडवून ठेवायच्या, चांगला गार होईपर्यंत. माशाच्या डोळ्यावर ओलं फडकं. मग तळवा पाठीवर नुसता ठेवायचा, काही करायचं नाही, बसून राहायचं. "थांब गं बाई. काही न्हाई, काही न्हाई." मासा शांत झाला की मऊ रबराच्या तुकड्यानं डोक्याकडून शेपटीकडं एकदाच. उलटं कधी नाही, पोटावर कधी नाही. घाई करणाऱ्या कुणालाही त्यांचं एकच सांगणं असे, "घाई असंल तर उद्या या." हे त्या शिपायाला म्हणत, सरांना म्हणत, एकदा तपासणीला आलेल्या साहेबालासुद्धा म्हणाल्या.

खरं सांगतो, त्यांच्या हाताखाली मरळ जशी निवांत पडायची तशी माझ्या हाताखाली एकही पडली नाही. माझी प्रत्येक मरळ फडफडायची. गुंगी दुप्पट दिली तरी. मी चोरून बघायचो, हातात असं आहे तरी काय. एकदा न राहवून विचारलं, "तुमच्या घरी मासेमारी होती का?"

"न्हाई ओ. आमचे वडील मजुरीला जायचे. मासा आम्हाला बाजारातच दिसायचा."

"मग हा हात कुठून आला?"

त्यांनी हातातला रबराचा तुकडा धुऊन ठेवला. मग म्हणाल्या, "सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला होत्या. सकाळी शाळेत जायच्या आधी आंघोळ घालायची, पाठ पुसायची. म्हाताऱ्या माणसाची कातडी म्हंजे कागद. जरा जोरात पुसलं की फुटली, मग जखम, मग ती भरायचं नाव न्हाई. पहिल्या वर्षी दोनदा फुटली माझ्याच्यानं. त्या काही बोलल्या न्हाईत, नुसत्या माझ्याकडं बघितल्या. मग हात शिकला."

माणूस एवढं ऐकून नम्र व्हायला पाहिजे. मी झालो नाही. मला वाटलं, हिला हेही आहे. मी रात्रंदिवस पुस्तकं वाचून जे मिळवायला बघतोय ते हिला सासूची पाठ पुसता पुसता मिळालं. असा हेवा करणारा माणूस किती खालच्या पायरीवर असतो ते मला तेव्हाही कळत होतं, पण कळून काही फरक पडत नव्हता.

आणखी एक सांगितलं पाहिजे, तेही टाळून चालणार नाही. कँटीनमध्ये मी एकदा म्हणालो, "त्यांचं काय, त्यांना सवलत आहे." ताई बौद्ध घरातल्या, खेड्यातून शिकून वर आलेल्या. प्रवेशपरीक्षेत त्यांचे गुण माझ्याहून तीनच कमी होते आणि त्यांनी खुल्या जागेवरच प्रवेश घेतला होता, हे मला माहीत असून मी ते बोललो. टेबलावरचा माझा एक मित्र उठून गेला. तो परत माझ्याबरोबर चहाला बसला नाही.

दुसऱ्या वर्षी आमचे आकडे सरांपुढं एकत्र आले तेव्हा गोंधळ झाला. दोघांनीही माशांना पोटात सुईनं लस दिली होती. माझ्या माशांच्या बुळबुळीमध्ये प्रतिपिंडं जोरात, जवळजवळ रक्ताइतकीच. ताईंच्या माशांच्या रक्तात तेवढीच, पण बुळबुळीत नाममात्र. उलट त्यांनी जे मासे लशीच्या पाण्यात बुडवले होते त्यांच्या बुळबुळीत भरपूर आणि रक्तात जवळजवळ नाही. त्या म्हणत, "कातडीचा कारभार वेगळा हाय सर, रक्ताचा वेगळा." मी म्हणत होतो, सगळं रक्तातूनच झिरपतं. मासा तोच, सुई तीच, लस तीच.

"दोघांपैकी एकाचं चुकलंय," सर म्हणाले. "हैदराबादच्या परिषदेला मी एकालाच पाठवू शकतो. महिनाभरात ठरवू."

त्या महिन्यात मी आकडे पुन्हा पुन्हा तपासले. आकड्यांत चूक नव्हती. गुठळ्या मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या होत्या. माझ्या टाक्यांत मासे मात्र मरत होते. नमुना घेतल्यावर आठवड्याभरात पाठीवर पांढरी बुरशी आणि मग उताणे. मी नवे आणायचो. चिवट मासा चिवट राहिला नाही तर आपण काय करणार, असं मी स्वतःला सांगायचो.

एका दुपारी ताईंनी मला नळापाशी बोलावलं. प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं. त्यांच्या हातात लघवी तपासायच्या कागदी पट्ट्यांची डबी होती. बिलोलीच्या आरोग्य केंद्रात त्यांची भावजय नर्स होती, तिच्याकडून मागून आणलेली. गरोदर बायकांच्या लघवीत रक्त वगैरे जातंय का ते त्या पट्टीवर दिसतं. रक्त असलं तर पिवळा चौकोन हिरवा होतो, डोळ्यांना दिसणार नाही एवढं असलं तरी.

"रागावू नका मल्लूभाऊ. तुमच्या फ्रीजमधल्या नळ्यांतला एकेक थेंब घेतला मी, विचारल्याबिगर. माझ्याही घेतल्या."

ओट्यावर पट्ट्या दोन ओळींत मांडल्या होत्या. त्यांची ओळ पिवळी. माझी हिरवी. एकही सुटली नव्हती.

"तुमची स्टीलची पट्टी कातडी खरवडून राहिलीय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बुळबुळीत रक्त उतरून राहिलंय. तुम्ही मोजलं ते बरोबरच मोजलं. पण ते कातडीचं न्हाई, रक्ताचं मोजलं. सरांना मी काही बोलले न्हाई. तुम्हीच सांगा. चुकून झालंय, त्यात काय एवढं."

मी त्या पट्ट्यांकडं बघत राहिलो. दोन वर्षांचं काम हिरवं झालेलं. त्यांनी ओरडून सांगितलं असतं, सरांपुढं सांगितलं असतं, तर मला भांडता आलं असतं. त्यांनी ते नळापाशी, हळू सांगितलं, आणि तेच मला सहन झालं नाही. मी "बघतो" म्हणालो.

आणि मग मी सरांकडं गेलो. पट्ट्यांबद्दल एक शब्द बोललो नाही. म्हणालो, "सर, मला वाटतं बाईंचे नमुने पातळ होतात. त्या हात पाण्यात बुडवून ओले हात माशाला लावतात. ते पाणी नमुन्यात जातं. म्हणून त्यांचे आकडे कमी येतात."

हे इतकं पटण्यासारखं होतं की सांगता सांगता मलाच पटलं. सरांनी मान हलवली. लातूरचा पहिला नंबर बोलत होता. दुसऱ्या दिवशी सरांनी ताईंना सगळे प्रयोग पहिल्यापासून करायला सांगितले. म्हणजे आणखी वर्ष. त्यांची रजा चारच महिन्यांत संपत होती. त्या "हाव सर" म्हणाल्या आणि हजेरीपटाचं नवं पान काढलं. हैदराबादला मी गेलो.

तिथं माझं बोलणं छान झालं. आलेख रंगीत होते. शेवटी मागच्या ओळीतून एक म्हातारे शास्त्रज्ञ उठले आणि त्यांनी एकच विचारलं. नमुन्यात रक्त नव्हतं हे तुम्ही कसं तपासलं? मी म्हणालो, तपासलं होतं, नव्हतं. त्यांनी "बरं" म्हटलं आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतीच्या गाडीत मी टाळ्यांऐवजी तो एक प्रश्नच आठवत बसलो.

नांदेडला आल्यावर मी ताईंकडं गेलो. तोवर त्यांची रजा संपली होती. त्या आठवडाभर शाळेत शिकवायच्या आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं नांदेडला यायच्या, मुलीकडं मुक्काम करून रविवारी संध्याकाळी परत. मधल्या दिवसांची हजेरी शिपायाकडून फोनवर घ्यायच्या. मी म्हणालो, "ताई, मला हात शिकवाल का?" कारण सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

सलग पाच शनिवार त्यांनी मला शिकवलं. आधी माझी नखं कापली, स्वतः, शाळेतल्या पोराची कापावीत तशी हात धरून. मग हात टाकीत बुडवून ठेवायला लावले. "आता धरू नका. ठेवा नुसता. दाबून राहिलात. ठेवा म्हटलं की ठेवायचं, बाकी काही करायचं न्हाई." माझ्या हाताखाली मरळ थरथरायची. त्यांनी वरून आपला हात ठेवला की थांबायची. पाचव्या शनिवारी माझी कागदी पट्टी पिवळी आली. त्या म्हणाल्या, "जमलं की." मला आनंद व्हायला हवा होता. मी मनात मोजत होतो की या बाईला एका माशाला पाव तास लागतो आणि मला अजून वीस मिनिटं लागतात.

मी माझे प्रयोग परत केले. आकडे कोसळले आणि ताईंच्या आकड्यांच्या शेजारी जाऊन बसले. प्रबंधात मी लिहिलं की नमुना घेण्याच्या पद्धतीत सुधारणा केल्यावर निष्कर्ष बदलले. सुधारणा कुणाची, ते लिहिलं नाही. आभाराच्या पानावर सहकाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव होतं, शिपायाच्या आधी आणि ग्रंथपालाच्या नंतर. पद्धतीवर माझा एक लेख छापून आला. डिग्री मिळाली, लातूरच्या महाविद्यालयात नोकरी मिळाली. वडिलांनी दुकानात पेढे वाटले.

ताईंची तोंडी परीक्षा त्यानंतर दीड वर्षानं झाली. मी लातूरहून मुद्दाम गेलो, मागच्या बाकावर बसलो. त्या निळ्या साडीत होत्या, बांगड्या हातात होत्या. काय बोलल्या म्हणून सांगू. कागद हातात नव्हता. प्रत्येक नमुन्यात पाणी किती, हे त्यांनी मोजून दाखवलं, म्हणजे पातळ होण्याचा प्रश्न मुळातूनच निकालात. कातडीचा कारभार वेगळा हे शाळेतल्या पोरालाही कळेल असं सांगितलं. मला आतून जळायला झालं, आणि टाळ्याही मीच आधी वाजवल्या.

बाहेरून आलेल्या परीक्षकांना शेवटी एक उणीव सापडली. "बाई, ही नमुना घेण्याची पद्धत मल्लिकार्जुन यांची आहे. त्यांचा लेख आहे यावर. तुम्ही त्यांचा उल्लेख केलेला नाही. हे बरोबर नाही."

खोलीत माझ्यासह तिघांना खरं माहीत होतं. सर टेबलावरची पेन्सिल सरळ करत होते. मी मागच्या बाकावरून उठलो नाही. ताईंनी माझ्याकडं बघितलंही नाही.

"हाव सर," त्या म्हणाल्या. "नाव टाकते."

आणि टाकलं. त्यांच्या प्रबंधाच्या संदर्भसूचीत माझं नाव आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात कुणालाही बघता येईल.

त्या परत शाळेत गेल्या, मुख्याध्यापिका झाल्या, निवृत्त झाल्या. मी विभागप्रमुख झालो. पद्धत आमच्या प्रात्यक्षिकांच्या पुस्तिकेत आली, आणि पोरं तिला मल्लिकार्जुन सरांची पद्धत म्हणू लागली. मला ते ऐकायची सवय झाली. गेल्या वर्षी बिलोलीकडची एक मुलगी आमच्याकडं आली. पहिल्याच दिवशी तिनं मरळ अशी हातात घेतली की मी जागचा उठलो. "कुठं शिकलीस?" तर म्हणाली, "आमच्या शाळेत हौद होता सर. मोठ्या बाई शिकवायच्या सगळ्यांला." मग पोरांनीच ठरवलं, बाईंना बोलवायचं. मला नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

ताई एसटीनं आल्या. केस सगळे पांढरे, पाठ किंचित वाकलेली. चपला दाराबाहेर काढल्या. पोरांनी त्यांच्या हातात पुस्तिका दिली. त्यांनी चष्मा लावून ते पान शेवटपर्यंत वाचलं, वरच्या माझ्या नावासकट. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

"चांगलं लिहिलंय तुमच्या सरांनी," त्या पोरांना म्हणाल्या. "फक्त नखं कापायचं ऱ्हायलंय. तेवढं पेनानं लिहून घ्या."

सगळ्यांनी लिहून घेतलं. मग दोन तास त्यांनी एकेकाचा हात धरून शिकवलं. प्रयोगशाळेत तीस पोरं होती आणि टाकीच्या हवेच्या नळीचा आवाज ऐकू येत होता. एवढी शांतता माझ्या तासाला मला कधी मिळालेली नाही.

बसस्टँडवर सोडायला मी एकटाच गेलो. देगलूरवरून बिलोलीला जाणारी गाडी लागायला वेळ होता. बाकावर त्यांच्या शेजारी बसून मी ते बोललो. इतकी वर्षं लपवलेलं. म्हणालो, "ताई, तुमचे नमुने पातळ होतात हे सरांना मीच सांगितलं होतं. पट्ट्यांचं लपवून. तुमचं वर्ष माझ्यामुळं गेलं. आणि तोंडी परीक्षेत मी गप्प बसलो."

"माहीत हाय," त्या म्हणाल्या. "पातळचं तर सरांनी त्याच दिवशी सांगितलं मला. म्हणाले, मल्लिकार्जुनला शंका आलीय."

"त्याच दिवशी?"

"हाव."

"म्हणजे मी शिकवा म्हणून आलो तेव्हा तुम्हाला माहीत होतं? तरी तुम्ही पाच शनिवार मला हात शिकवला?"

माझं मन कशाची वाट बघत होतं ते मला पक्कं ठाऊक आहे. त्यांनी म्हणावं, तुम्ही लहान होता. म्हणावं, भावासारखे होता. निदान म्हणावं की राग आला होता, पण गिळला. यातलं काहीही चाललं असतं.

त्यांनी माझ्याकडं जरा नवलानं बघितलं, वर्गात सोपं गणित अडलेल्या पोराकडं बघावं तसं.

"तुमचे मासे मरून राहिले होते ना, मल्लूभाऊ," त्या म्हणाल्या. "दर आठवड्याला चार-पाच. मला ते बघवत नव्हतं."

तेवढ्यात गाडी लागली. मी पिशवी वर दिली. चढताना पायरीवर थांबून त्या म्हणाल्या, "आणि हे मला सांगून काय उपयोग? मला तर माहीतच हाय. तुमच्या पोरांना माहीत न्हाई." मग आत गेल्या. खिडकीपाशी जागा मिळाली. शेजारच्या बाईच्या मांडीवर लेकरू होतं, ते रडत होतं. ताईंनी त्याच्या पाठीवर तळवा ठेवला, नुसताच, आणि त्या बाईशी काही बोलू लागल्या. गाडी वळली तरी त्यांनी बाहेर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मी पोरांना सगळं सांगितलं. पुस्तिकेतलं नाव बदललं. विद्यापीठालाही पत्र लिहिलं. ते योग्य होतं म्हणून केलं, आणि त्यात फारसं शौर्य नव्हतं. पण त्या स्टँडवर, धूळ खाली बसेपर्यंत उभा असताना, माझ्या मनात जे आलं ते मी पोरांना सांगितलेलं नाही. मी त्यांचा राग मिळवला नव्हता, माया मिळवली नव्हती, क्षमाही नव्हती. पाच शनिवार त्या बिलोलीहून आल्या, माझी नखं कापली, माझ्या हातावर हात ठेवला, आणि त्यात माझ्यासाठी काहीच नव्हतं. आयुष्यभर हेवा केला, तो अजून संपला नव्हता. त्या क्षणी मला माझ्या टाकीतल्या मरळींचा हेवा वाटला.